फुलांची वेळ बदलता येते का? शेवंती, जनुकं आणि रात्रीचा काळोख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दौंड तालुक्यात आमच्या घरी दोन पिढ्यांपासून शेवंती आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकून परत शेतीत आलो, त्यामुळे श्रावण लागला की ओळखीच्या शेतकऱ्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक एकच: "जनुकं बदललेली शेवंती आलीय म्हणे, हव्या त्या महिन्यात फुलते. रोपं कुठं मिळतील?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

फुलण्याची वेळ बदलायची म्हणजे नेमकं काय?

दोन वेगळ्या गोष्टी यात मिसळल्या जातात. एक म्हणजे झाडाचं बालपण: रोप लावल्यापासून ते फुलायला लायक होईपर्यंतचा काळ. ऑर्किडमध्ये तो दोन-तीन वर्षांचा असतो. दुसरी म्हणजे हंगाम: लायक झालेलं झाड वर्षाच्या कुठल्या दिवसांत कळी धरतं. शेवंतीवाल्याला दुसरी गोष्ट हवी असते, नवे वाण तयार करणाऱ्याला बहुधा पहिली. पुढे वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

झाडाला महिना कसा कळतो?

रात्रीच्या लांबीवरून. पावसानं नाही, फक्त थंडीनंही नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड तंबाखूच्या 'मेरिलँड मॅमथ' नावाच्या जातीनं चक्रावले होते. उन्हाळ्यात ती उंचच उंच वाढायची, पण फुलायची नाही. काचघरात मात्र हिवाळ्यात फुलायची. खत, पाणी, तापमान सगळं तपासून झालं. शेवटी त्यांनी झाडं रोज काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवून पाहिली आणि झाडं फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. झाड दिवस मोजतं असं तेव्हा वाटलं. नंतर कळलं की ते खरं तर सलग काळोख मोजतं.

शेवंती ही रात्र मोठी व्हायला लागली की कळी धरणारी. मला हे पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं ते आमच्या बांधावर. एका वर्षी चोऱ्या वाढल्या म्हणून वडिलांनी फाटकाच्या खांबावर मोठा दिवा बसवला आणि तो रात्रभर चालू ठेवला. घटस्थापनेच्या सुमाराला सगळं रान कळ्यांनी भरलं, फक्त फाटकाजवळच्या चार सऱ्या हिरव्यागार. झाडं तब्येतीत होती, उलट बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, पण कळी एकही नाही. दिव्याचा उजेड जिथं संपत होता तिथं कळ्यांची रेघ आखल्यासारखी सुरू होत होती. वडिलांनी तीन वेळा औषध मारलं होतं. दिवा बंद केला आणि त्या सऱ्या दिवाळी उलटून गेल्यावर फुलल्या, भाव पडल्यावर. तो तोटा आमचाच आणि धडाही.

हा काळोख मोजण्याचं काम पानातलं फायटोक्रोम नावाचं प्रथिन करतं. तांबड्या उजेडाला ते सर्वांत जास्त दाद देतं. म्हणूनच मध्यरात्री थोडा वेळ जरी दिवे लावले तरी शेवंतीच्या लेखी ती लांब रात्र तुटते.

मग फूल आणणारं जनुक कुठलं?

ही गोष्ट मला फार आवडते, आणि शेवंती तिच्या केंद्रस्थानी आहे. सोव्हिएत संघातल्या मिखाईल चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीच्या वरच्या भागातली पानं काढून टाकली, आणि फक्त खालच्या पानांना लांब रात्री दिल्या. शेंड्यावर फुलं आली. म्हणजे रात्र मोजतं पान आणि फुलतो शेंडा, तर मधून काहीतरी निरोप जात असला पाहिजे. त्या न दिसणाऱ्या निरोप्याला त्यांनी 'फ्लोरिजेन' हे नाव दिलं. तो सापडायला पुढे सत्तर वर्षं लागली. मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिस या इवल्या रोपात एफटी नावाचं जनुक सापडलं, आणि २००७ साली त्याचं प्रथिन पानातून अन्नवाहिन्यांमार्गे शेंड्यापर्यंत जातं हे दाखवलं गेलं. त्याच वर्षी भातातही तेच दिसलं.

शेवंतीतला हा निरोप्या जपानी संशोधकांनी एका रानटी शेवंतीत शोधला. एफटीएल३ हे त्याचं नाव, २०१२ सालचं काम. पुढच्याच वर्षी त्याच रोपात उलट्या कामाचं जनुकही सापडलं. त्याचं प्रथिन पानात तयार होतं, शेंड्याकडे जातं आणि सांगतं, 'अजून नको.' रात्री लहान असतात किंवा मध्यरात्री उजेड पडतो तेव्हा हे दुसरं प्रथिन वाढतं. आमच्या फाटकाजवळच्या चार सऱ्यांत नेमकं हेच चाललं होतं.

जनुकीय बदल करून प्रत्यक्षात काय साधलं गेलंय?

प्रयोगशाळेत बरंच काही. शेवंतीत एफटीएल३ जास्त प्रमाणात चालू ठेवलं की ती लहान रात्रींतही फुलते. सिंगापूरमध्ये डेंड्रोबियम ऑर्किडवर अशाच धर्तीचं काम झालं आणि रोपं वेळेआधी फुलली. फुलोऱ्याचं दुसरं एक जनुक, लीफी, १९९५ साली अ‍ॅस्पेन या जंगली वृक्षात घातलं गेलं. एरवी फुलायला कित्येक वर्षं लावणारं हे झाड काही महिन्यांत फुललं.

माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचं काम जपानमध्ये जेन्शियनवर झालंय. ही निळी फुलं तिकडे पितरांच्या ओबोन सणाला लागतात, आपल्याकडे दसऱ्याला शेवंती-झेंडू लागतात तशी. नवं वाण तयार करायचं तर प्रत्येक पिढी फुलायची वाट पाहावी लागते. तिथल्या संशोधकांनी सफरचंदात आढळणाऱ्या एका निरुपद्रवी विषाणूवर एफटी जनुक चढवून तो रोपात सोडला. रोप लवकर फुललं आणि संकर लवकर करता आला. रोपाच्या स्वतःच्या जनुकसंचाला यात कुणी हात लावत नाही. जनुक विषाणूबरोबर येतं आणि त्याच्याबरोबरच जातं. वर्षं वाचतात आणि शेवटी शेतात जायचं ते रोप साधंच असतं.

लवकर फुललं तर बिघडलं काय? पैसे लवकर मिळतील.

इथंच सगळे घसरतात. फुलोऱ्याचं जनुक सतत चालू ठेवलं तर रोपाला थांब म्हणणारं कुणी राहत नाही. बोटाएवढं रोप कळी धरतं, कधी कधी तर ऊतिसंवर्धनाच्या बाटलीतच. दांडीच्या फुलाला बाजारात दांडीचीच किंमत असते. दोन फुटांच्या आतल्या दांडीकडे व्यापारी पाहतसुद्धा नाही. सुट्या फुलांच्या शेवंतीतही फुटवे झालेच नाहीत तर किलो भरणार कशानं?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. चीनमधल्या संशोधकांनी २०१४ साली शेवंतीतल्या बीबीएक्स२४ या जनुकाचा आवाज दाबला. झाडं लवकर फुलली, पण थंडी आणि पाण्याचा ताण सोसण्याची ताकद कमी झाली. एकच जनुक दोन्हीकडे हिशेब ठेवत होतं. आपल्यासारख्या कोरडवाहू पट्ट्यात, जिथं मार्चनंतर विहीर तळ दाखवते, तिथं असा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही.

म्हणून आता प्रयत्न असतात ते जनुकाला बटण बसवण्याचे: ठरावीक उष्णता किंवा ठरावीक द्रव्य मिळालं तरच ते चालू व्हावं. पॉप्लरच्या झाडांत उष्णतेनं चालू होणारं एफटी वापरून झालं आहे. फुलांच्या शेतात मात्र अजून ते पोचलेलं नाही.

गुलाब बारा महिने फुलतो, मग तो जीएम (प्रयोगशाळेत जनुकं बदललेला) आहे का?

नाही, पण जनुक बदललेला नक्की आहे, आणि तो बदल निसर्गानं केलाय. रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात. त्यांच्यात केएसएन नावाचं जनुक फुलोऱ्याला लगाम घालतं. चीनमधल्या जुन्या लागवडीच्या गुलाबांत उड्या मारणारा एक जनुकतुकडा येऊन बरोबर या जनुकात घुसला आणि लगाम सुटला. तिथल्या माळ्यांनी ती सारखी फुलणारी झाडं जपली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ती युरोपात गेली, संकर झाले, आणि आज आपण विकतो त्या गुलाबांत तोच बदल वाहत आलाय. कारण काय ते २०१२ साली उलगडलं.

पिढ्यानपिढ्या कलमासाठी डोळे भरतोय त्या गुलाबात हे दडलेलं होतं हे वाचलं, त्या दिवशी मी बागेत जाऊन उगीचच त्या झाडांपाशी उभा राहिलो होतो.

गॅमा किरण दिलेली शेवंती म्हणजे जीएमच ना?

कायद्याच्या भाषेत नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं अनेक वर्षं शेवंतीच्या कलमांना गॅमा किरण देऊन नवे वाण निवडले आहेत. त्यांचं 'शेखर' हे उशिरा फुलणारं वाण असंच तयार झालेलं आहे. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ते फुलतं, म्हणजे बाकीची शेवंती संपल्यावर. किरणांमुळे बदल कुठं होईल हे कुणाच्या हातात नसतं. हजारो रोपांतून चांगलं हुडकावं लागतं. जनुक परिवर्तनात काय बदलायचं हे आधी ठरलेलं असतं आणि बहुधा बाहेरचं जनुक आत येतं. हंगाम लांबवण्यासाठी निवड आणि किरणोत्सर्ग या दोन जुन्या वाटांनी आपल्याकडे जेवढं दिलंय, तेवढं अजून जीएमनं दिलेलं नाही, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

क्रिस्पर आल्यावर तरी काम सोपं झालं ना?

क्रिस्पर म्हणजे जनुक हव्या त्या जागी कापणारी कात्री. टोमॅटो-भातात तिनं काम सोपं झालं. शेवंतीत तेवढं नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

आपल्या शेवंतीत गुणसूत्रांचे सहा संच असतात, साधारण ५४ गुणसूत्रं. म्हणजे 'अजून नको' म्हणणारं जनुक बंद करायचं तर त्याच्या सहाही प्रती कापाव्या लागतात. एक जरी राहिली तरी ती काम चालू ठेवते. म्हणून जपानी संशोधक दोनच संच असलेल्या रानटी शेवंतीवर आधी अभ्यास करतात.

दुसरं कारण कलमांचं. भातात कात्रीचं जनुक आत घालायचं, काम झालं की पुढच्या पिढीत ते नसलेलं रोप निवडायचं. शेवंती आपण छाट कलमानं वाढवतो. तिचं बी धरलं की लेकरं आईसारखी निघतच नाहीत: रंग वेगळा, पाकळ्या वेगळ्या. म्हणजे एकदा आत गेलेली कात्री वाण न गमावता बाहेर काढता येत नाही. कात्री जनुकाच्या रूपात न देता तयार प्रथिनाच्या रूपात, बाहेरची भिंत काढून उघड्या केलेल्या पेशीला द्यायची, हा त्यावरचा उपाय. पण त्या एका पेशीपासून पूर्ण रोप उभं करणं अवघड काम आहे.

अशी रोपं बाजारात मिळतात का?

नाही. आजवर विक्रीला आलेली जीएम फुलझाडं रंगासाठी किंवा चमकण्यासाठी आहेत. ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीन कंपनीची जांभळी कार्नेशन १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. ती कोलंबिया-इक्वाडोरमध्ये पिकतात आणि फुलं जगभर जातात. जपानच्या सनटोरीनं २००९ साली 'अप्लॉज' हा निळसर गुलाब विकायला काढला. २०२४ पासून अमेरिकेत अंधारात हिरवट उजळणारा पेटुनिया मिळतो.

नारंगी पेटुनियाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. १९८७ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात मक्याचं एक जनुक पेटुनियात घालून विटकरी-नारंगी फूल तयार केलं गेलं. १९९० साली सुमारे ३०,००० झाडं उघड्या शेतात लावली. सगळी एका रंगाची फुलतील अशी अपेक्षा होती. पण कडक उन्हाळ्यात अनेक झाडांनी ते घातलेलं जनुक गप्प केलं आणि फुलं फिकी पडली. काचघरात जे ठाम वाटत होतं ते शेतात डळमळलं. फुलण्याची वेळ बदललेलं रोप उद्या आलं, तर मी पहिला प्रश्न हाच विचारेन: मे महिन्यात आमच्या रानात ते कसं वागतं?

गोष्ट तिथं संपत नाही. ती झाडं कधीच विक्रीला आली नव्हती. तरीही फिनलंडमधल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाला हेलसिंकीत रस्त्याकडेच्या कुंड्यांत नारंगी पेटुनिया दिसले. त्यांनी तपासले, तर मक्याचं जनुक आत. २०१७ साली युरोप-अमेरिकेत कित्येक वाण परत मागवून नष्ट करावे लागले. ज्या रोपवाटिकांनी ते वर्षानुवर्षं विकले त्यांनाही ठाऊक नव्हतं.

भारतात कायदा काय सांगतो?

१९८९ च्या नियमांनुसार जीएम रोप आयात करणं, लावणं, विकणं या सगळ्याला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची मान्यता लागते. फूल आहे, खायचं नाही, म्हणून सूट नाही. शेतकऱ्यांच्या रानात व्यापारी लागवडीला पोचलेलं आपलं जीएम पीक म्हणजे २००२ पासूनचा बीटी कापूस.

मार्च २०२२ मध्ये एक दार उघडलं. बाहेरचं जनुक शिल्लक न ठेवता केलेल्या ठरावीक प्रकारच्या जनुक संपादनाला या नियमांतल्या मोठ्या भागातून वगळलं गेलं. मे २०२५ मध्ये जाहीर झालेला 'कमला' भात याच वाटेनं आला, आणि तो मूळ सांबा मसुरीपेक्षा सुमारे २० दिवस लवकर तयार होतो. म्हणजे पिकाची वेळ बदलणारं संपादन देशात मान्य झालं आहे, पण भातात. वर सांगितलेली कात्री बाहेर काढायची अडचण सुटली तर शेवंतीलाही हे दार लागू पडेल.

मधमाशा, परागकण, गावठी जाती यांचं काय?

काळजी रास्त आहे. जपानमध्ये रानटी शेवंत्या आहेत आणि लागवडीच्या शेवंतीशी त्यांचा संकर होऊ शकतो. तिथं २०१७ साली खरीखुरी निळी शेवंती तयार झाली, तरी तिचे परागकण आणि बी वांझ केल्याशिवाय ती बाहेर सोडायची नाही अशी भूमिका संशोधकांनीच घेतली. मला ही भूमिका फार मोलाची वाटते. वेळ बदललेल्या झाडाबाबत तर जास्तच जपायला हवं. रानटी जातीत हे जनुक शिरलं आणि ती भलत्या महिन्यात फुलली, तर तिच्यावर जगणाऱ्या कीटकांचं वेळापत्रक चुकेल.

अशी फुलं देवाला चालतील का?

आईनं मला हे विचारलं होतं. मी तिला गुलाबाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ज्याच्यासाठी कुणी जपलंय ते फूल चालतं." शास्त्रार्थ मला सांगता येणार नाही. तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

आमच्याकडे एकानं 'जीएम बारमाही शेवंती' म्हणून रोपं विकली. घ्यावीत का?

घेऊ नका. मी स्वतः एकदा दुप्पट भावानं अशी दोन हजार रोपं घेतली आहेत. विकणाऱ्यानं छापील कागदही दिला होता. आली ती नेहमीची पांढरी शेवंती, नेहमीच्याच वेळेला. रोपं खरंच जीएम असतील तर ती बेकायदा आहेत, नसतील तर ती फसवणूक आहे. तिसरी शक्यता नाही. बिलावर वाणाचं नाव लिहून मागा. तिथंच बरेच जण मागे सरतात.

मग आज वेळ साधायला मी काय करू?

काळोख हाताळा. फुलं उशिरा हवी असतील तर रात्री दहा ते दोन दिवे लावा. शेंड्याशी साधारण १०० लक्स उजेड पुरतो. तांबडा अंश असलेले एलईडी चालतात आणि वीजबिल पूर्वीच्या पिवळ्या बल्बपेक्षा खूप कमी येतं. दिवे बंद केल्यापासून वाणानुसार सात ते दहा आठवड्यांत तोडा येतो. म्हणजे सणाच्या तारखेपासून उलटं मोजा आणि भिंतीवरच्या पंचांगावर खूण करून ठेवा.

लवकर हवी असतील तर पॉलिहाऊसमध्ये काळं कापड, रोज तेरा-चौदा तास, एकही दिवस न चुकवता, कळीला रंग दिसेपर्यंत. आपल्याकडे संध्याकाळी पाचला कापड ओढलं की आत भट्टी होते, आणि फार उष्णतेनं कळी उलट लांबते. त्यामुळे अंधार पडल्यावर कापड तासाभरासाठी थोडं उघडून वाफ जाऊ द्या आणि पहाटेच्या आत परत ओढा.

परदेशी वाणांच्या माहितीपत्रकातले आठवडे जसेच्या तसे धरू नका. नेदरलँड्समध्ये जूनचा दिवस जवळपास पावणेसतरा तासांचा, पुण्यात सव्वातेराच्या आसपास. तिकडचं वाण इथं वेगळंच गणित मांडतं. पहिल्या वर्षी एकाच वाफ्यात लावून तारखा लिहून ठेवा. वाणांबद्दल विचारायचं असेल तर फुलशेतीचं राष्ट्रीय संशोधन संचालनालय पुण्यातच आहे. तिथं जाताना झाडाचा फोटो न्या, लागवडीची आणि शेंडा खुडल्याची तारीख न्या, आणि रानाजवळ रस्त्याचा किंवा फाटकाचा दिवा असेल तर तेही सांगा.